वाट सरळ का जात नाही?

शाळेचे मैदान पाहा. फाटकापासून व्हरांड्यापर्यंत जाणारा रस्ता बहुधा काटकोनात वळलेला असतो. पण मुले त्या रस्त्याने जात नाहीत. ती कोपरा कापून तिरपी जातात, आणि दोन-चार महिन्यांत मैदानाच्या गवतातून एक पांढुरकी रेघ उमटते. ही वाट कुणी आखली? कुणीच नाही. पायथागोरसचा सिद्धांत न शिकलेली पहिलीतली मुलेसुद्धा ३० मीटर आणि ४० मीटर अशा दोन बाजू चालण्याऐवजी ५० मीटरचा कर्ण निवडतात आणि २० मीटर वाचवतात.

आता डोंगरावरची वाट आठवा. तीही कुणी आखलेली नसते. गुराखी, मध गोळा करणारे, बाजाराला डोक्यावर ओझे घेऊन जाणारी माणसे, शाळेत जाणारी वाडीवरची मुले यांच्या पायांनी ती मळलेली असते. पण इथे तीच माणसे कोपरा कापत नाहीत. समोर माथा दिसत असूनही वाट आधी डावीकडे जाते, मग उजवीकडे, मध्येच थोडी खाली उतरते, एखाद्या ओढ्याला वळसा घालते आणि सावकाश वर चढते. मैदानावर अंतर वाचवणारे पाय डोंगरावर अंतर का वाढवतात?

या साध्या प्रश्नाचे उत्तर शोधताना आपल्याला शरीरशास्त्र, पदार्थविज्ञान, मृदाशास्त्र आणि भूशास्त्र अशा चार विषयांच्या वेशी ओलांडाव्या लागतात. उदाहरण म्हणून आपण सह्याद्रीतल्या घाटवाटा घेऊ.

पाऊल पडते तेव्हा

आधी वाट तयार कशी होते ते पाहू. जंगलातली किंवा माळावरची चांगली माती भरीव नसते. तिच्या आकारमानाचा जवळजवळ निम्मा भाग पोकळ्यांचा असतो. या पोकळ्यांत हवा आणि पाणी असते, मुळे त्यांतूनच वाट काढतात आणि गांडुळे त्यांतच राहतात. पाऊल पडले की मातीचे कण एकमेकांजवळ सरकतात आणि मोठ्या पोकळ्या आधी मिटतात. गवताची पाती चुरगळतात, पण मुळे जिवंत असतील तर ती पुन्हा फुटतात. त्यावर पुन्हा पुन्हा पावले पडली की मुळांनाही हवा मिळेनाशी होते आणि गवत मरते. माती उघडी पडते. उघडी माती उन्हात फिकट दिसते, म्हणून वाट दुरूनही ओळखू येते. ती ओळखू येते म्हणून पुढचा माणूस तिच्यावरूनच जातो. वाट पावलांना बोलावते आणि पावले वाट पक्की करतात.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. तुडवण्याचा परिणाम पावलांच्या संख्येच्या सरळ प्रमाणात वाढत नाही. सुरुवातीच्या थोड्या पावलांनीच बहुतेक नुकसान होऊन जाते. त्यानंतर तेवढ्याच आणखी पावलांनी होणारे जादा नुकसान कमी कमी होत जाते. म्हणजे शंभर माणसे एकाच मळलेल्या वाटेवरून गेली तर तिथली वनस्पती आधीच गेलेली असते, नवे नुकसान थोडे होते. तीच शंभर माणसे वाटेच्या दोन्ही अंगांना पसरून चालली तर एका वाटेऐवजी रुंद पट्टा उघडा पडतो. या मुद्द्याकडे आपण पुढे परत येऊ.

मातीच्या पोकळ्या खरोखरच मिटतात का? वर्गाला घेऊन हे सहज तपासता येते. दुधाच्या भुकटीचे दोन सारखे डबे घ्या आणि दोन्ही बाजू उघड्या होतील अशी त्यांची बुडे कापून काढा. कडा हाताला लागणार नाहीत याची काळजी घ्या. एक डबा वाटेच्या मधोमध आणि दुसरा वाटेपासून चार-पाच पावलांवरच्या गवतात, दोन्ही सारखेच दोन-तीन सेंटिमीटर खोल ठोकून बसवा. दोन्हींत अर्धा-अर्धा लिटर पाणी ओता आणि ते पूर्ण मुरायला किती वेळ लागतो ते घड्याळावर पाहा. निरनिराळ्या गटांनी निरनिराळ्या जागी हा प्रयोग करावा आणि आकडे फळ्यावर मांडावेत. गवतातले पाणी मुरून गेले तरी वाटेवरचे पाणी डब्यात साचून राहिलेले बहुतेक ठिकाणी दिसेल. न मुरलेल्या या पाण्याचे पावसाळ्यात काय होत असेल, हा प्रश्न मुलांना तिथेच विचारून ठेवा.

सरळ की नागमोडी?

आता चढण. माथ्यावर जायचे तर शरीराला गुरुत्वाकर्षणाविरुद्ध काम करावे लागते. हे काम वस्तुमान, गुरुत्वत्वरण आणि उंची यांच्या गुणाकाराएवढे असते. समजा, ४० किलोग्रॅम वजनाचा विद्यार्थी ८०० मीटर चढला. काम झाले ४० × ९.८ × ८०० म्हणजे सुमारे ३१४ किलोज्यूल. पण आपले स्नायू काही शंभर टक्के कार्यक्षम नसतात. अन्नातल्या ऊर्जेचा साधारण चौथा भाग ते कामात बदलतात आणि उरलेल्या तीन भागांची उष्णता होते. म्हणून प्रत्यक्षात खर्च होतात सुमारे १२५० किलोज्यूल, म्हणजे ३०० किलोकॅलरी. ज्वारीच्या १०० ग्रॅम पिठातून सुमारे ३५० किलोकॅलरी मिळतात. तेव्हा आठशे मीटरची उंची म्हणजे ८५ ग्रॅम पीठ, साधारण एक-दीड भाकरी! उरलेल्या ९४० किलोज्यूल उष्णतेचे काय? ती घामावाटे घालवायची तर सुमारे ४०० मिलिलिटर घाम सुकावा लागतो. कोकणातल्या दमट हवेत घाम सुकत नाही, नुसताच ठिबकतो, म्हणून प्रत्यक्षात पाणी याहून बरेच जास्त लागते. सहलीच्या आधी हा हिशेब वर्गात केला तर पाण्याच्या बाटलीबद्दल वेगळे सांगावे लागत नाही.

पण या हिशेबातून एक कोडे निर्माण होते. वर चढण्याचे काम फक्त उंचीवर अवलंबून आहे, वाटेच्या लांबीवर नाही. मग वाट सरळ असो वा नागमोडी, चढण्याचा खर्च सारखाच. उलट नागमोडी वाटेने आडवे चालणे वाढते, म्हणजे खर्च थोडा जास्तच व्हायला हवा. या तर्काने सर्वांत स्वस्त वाट नाकासमोर सरळ वर जाणारी! मग पाय तसे का करत नाहीत?

उत्तर शरीराच्या रचनेत आहे. चढ फार वाढला की घोट्याला पूर्ण वाकावे लागते, टाच टेकत नाही, अंग पुढे झुकवून तोल सांभाळावा लागतो आणि पाय घसरू नये म्हणून स्नायू सतत ताणलेले राहतात. शिवाय हृदय व फुप्फुसे ठरावीक वेगानेच प्राणवायू पुरवू शकतात. तेवढ्यात भागले नाही की दम लागतो आणि थांबावे लागते. इटालियन शरीरक्रियाशास्त्रज्ञ मिनेत्ती आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चालत्या पट्ट्याला निरनिराळे उतार देऊन, त्यावर चालणाऱ्या-धावणाऱ्या माणसांचा ऊर्जाखर्च मोजला. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात दिसले, की एक मीटर उंची मिळवण्याचा खर्च चढ वाढत जाईल तसा आधी कमी होतो, चढ ०.२ ते ०.३ च्या दरम्यान असताना किमान होतो आणि त्यानंतर पुन्हा वाढू लागतो. म्हणजे चार मीटर चालल्यावर साधारण एक मीटर वर नेणारी वाट माणसाला सर्वांत परवडते. कोन सांगायचा तर १४-१५ अंश.

डोंगराचा उतारच १० अंशांचा असेल तर वाट सरळ वर जाऊ शकते. पण उतार ३० अंशांचा झाला, की परवडणारा चढ मिळवण्यासाठी वाटेला तिरपे व्हावेच लागते. हे समजण्यासाठी एक पुठ्ठा घ्या. त्याची लांबी ३० सेंटिमीटर असू द्या. एक कड टेबलावर ठेवून समोरची कड १५ सेंटिमीटर उचला. हा झाला ३० अंशांचा डोंगर. खालून वर सरळ काढलेली रेघ ३० सेंटिमीटरची आहे आणि ती १५ सेंटिमीटर उंची गाठते, म्हणजे दोनास एक चढ. आता या सरळ रेघेशी ६० अंशांचा कोन करणारी तिरपी रेघ काढा. पुठ्ठ्याची कड आली की वळा आणि उलट दिशेने तशीच रेघ काढत वर या. साऱ्या तुकड्यांची लांबी मोजली तर ती ६० सेंटिमीटर भरेल. लांबी दुप्पट झाली, पण चढ चारास एक झाला. नागमोडी वाट म्हणजे लांबी देऊन विकत घेतलेला सोपेपणा होय.

किती चढ परवडतो हे अर्थातच चालणारा कोण आहे त्यावर ठरते. १८६३ साली बोरघाटातून आगगाडी वर गेली, तेव्हा लोखंडी चाके रुळांवरून घसरू नयेत म्हणून चढ ३७ ला १ पेक्षा जास्त ठेवता आला नाही. एवढ्या मंद चढाने कडा गाठण्यासाठी जागा पुरेना, म्हणून खंडाळ्याजवळ गाडीने एका टोकाला जाऊन दिशा उलटवायची आणि पुढचा चढ चढायचा अशी सोय केली होती. ही आगगाडीची नागमोडी वाटच! पुढे १९२९ मध्ये नवा मार्ग झाल्यावर ती सोय संपली. १९०७ सालची नेरळ-माथेरान ही छोटी गाडी २० ला १ असा चढ चढते, आणि त्यासाठी किती वळणे घेते हे पाहिलेल्यांना ठाऊक आहे. बोरघाटाची वाट इंग्रज अभियंत्यांना शिंगरोबा नावाच्या धनगराने दाखवली अशी कथा सांगतात आणि घाटात त्याचे देऊळही आहे. कथा खरी-खोटी कशीही असो, डोंगर कुठे किती चढू देतो हे गुरांमागे फिरणाऱ्या माणसाला ठाऊक असते, हे त्यातले मर्म नाकारता येत नाही.

वाटेवरचा दुसरा वाटसरू

आतापर्यंत आपण फक्त पायांचा विचार केला. पण वाटेवरून आणखी एक वाटसरू चालतो. तो वर्षातले चारच महिने येतो, पण वाटेचे भवितव्य तोच ठरवतो. तो म्हणजे पाणी.

डब्याच्या प्रयोगात आपण पाहिले, की वाटेवर पाणी मुरत नाही. एक मीटर रुंद आणि २०० मीटर लांब वाटेवर तासाभरात ५० मिलिमीटर पाऊस पडला, तर फक्त वाटेवरच १० घनमीटर, म्हणजे दहा हजार लिटर पाणी जमते. वरच्या उतारावरून येणारे पाणी वेगळेच. महाबळेश्वरला वर्षाकाठी सरासरी पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, हे लक्षात घेतले की सह्याद्रीच्या वाटांना काय सोसावे लागते याची कल्पना येईल.

पाणी नेहमी सर्वांत तीव्र उताराची दिशा धरते. वाट जर त्याच दिशेने, म्हणजे सरळ खाली जात असेल, तर ती पाण्याला आयती पन्हळ मिळते. पाणी वाटेत शिरते आणि पायथ्यापर्यंत बाहेर पडत नाही. जाता जाता त्याचा वेग वाढतो. पाण्याचा वेग दुप्पट झाला तर ते ढकलू शकेल अशा सर्वांत मोठ्या दगडाचे वजन दुपटीने नाही, तर सुमारे ६४ पटीने वाढते. ज्या वाटेवरून आधी फक्त माती वाहत होती, तिच्यावरून मग गोटे गडगडू लागतात. दोन-तीन पावसाळ्यांत वाटेचा चर होतो, चराची घळ होते. माणसे घळीतून चालायचे सोडून शेजारून चालू लागतात आणि तिथे दुसरी घळ सुरू होते.

वाट उताराला आडवी असेल तर मात्र पाणी एका बाजूने येते, वाट ओलांडते आणि दुसऱ्या बाजूने निघून जाते. म्हणून डोंगरवाटा बांधणाऱ्यांनी एक साधा नियम ठरवला आहे. वाटेचा चढ बाजूच्या डोंगरउताराच्या निम्म्याहून जास्त नसावा, आणि सरासरीने तो दहास एक याच्या आसपास असावा.

इथे खरी अडचण आपल्या लक्षात येईल. पायाला चारास एक चढ चालतो, मातीला मात्र दहास एकच सोसतो. पायांनी आपल्या सोयीने पाडलेली वाट मातीच्या सहनशक्तीपलीकडे जाते. ही तडजोड कशी करायची? जुन्या वाटांनी ती तीन रीतींनी केलेली दिसते.

सोंड, नाळ आणि पदर

सह्याद्री सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाच्या थरांवर थर साचून बनला. या खडकाला भूशास्त्रात दख्खन ट्रॅप म्हणतात. ट्रॅप हा शब्द पायऱ्या या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून आला, आणि तो किती योग्य आहे हे कोकणातून सह्याद्रीकडे पाहिले की पटते. कठीण, एकसंध बेसॉल्टचे थर उभे कडे होऊन उभे राहतात. सच्छिद्र, लवकर झिजणारे थर आणि दोन लाव्हाप्रवाहांमधील लाल मातकट पट्टे मागे हटतात व तिथे उतार किंवा सपाटी तयार होते. कडा, सपाटी, पुन्हा कडा. कड्याच्या कमरेशी असलेल्या या झाडीच्या सपाटीला डोंगरातली माणसे पदर म्हणतात. या पायऱ्या चढायच्या तर वाटेला तीनच पर्याय उरतात.

पहिला पर्याय सोंडेचा. डोंगराची सोंड म्हणजे दोन्ही बाजूंनी उतरती धार. तिच्या वरच्या अंगाला पाणी गोळा करणारा पृष्ठभाग फारच थोडा असतो. पडलेले पाणी दोन्हीकडे निघून जाते. म्हणून सोंडेवरची वाट बरीच तीव्र असली तरी टिकते. ऊन आणि वारा मात्र सोसावा लागतो.

दुसरा पर्याय नाळेचा. कड्याला जिथे मोठी भेग असते तिथे पाण्याने खडक कोरून नाळ पाडलेली असते. कडा चढण्याचा तो सर्वांत जवळचा मार्ग. पण नाळ ही मुळात पाण्याची वाट आहे, आपण तिथे पाहुणे. उन्हाळ्यात तिच्यातून जाता येते. पावसाळ्यात तिथे पाणी आणि वरून सुटलेले दगड दोन्ही येतात.

तिसरा पर्याय पदरातल्या आडव्या वाटेचा. कड्याला न भिडता त्याच्या पोटाशी आडवे चालत जायचे आणि सोंड किंवा खिंड सापडली की वर चढायचे. ही वाट लांब, पण सावलीची आणि पाण्याच्या जवळची. खडकाच्या थरांमध्ये झिरपलेले पाणी अशा सपाटीवर झऱ्याच्या रूपाने बाहेर येते, म्हणून वाड्यादेखील इथेच वसतात.

कर्जत तालुक्यातल्या खांडस गावाहून भीमाशंकरला जाणाऱ्या दोन वाटा या दृष्टीने पाहण्यासारख्या आहेत. एक गणेश घाटाची आणि दुसरी शिडी घाटाची. दोन्ही एकाच गावातून निघतात आणि पदरावर येऊन मिळतात. तिथून पुढे अखेरचा चढ एकच. गणेश घाट वळसे घेत जातो, लांब पडतो, पण चढ सौम्य आहे. शिडी घाट अंतर वाचवतो आणि त्याची किंमत उभ्या कातळावरच्या शिड्या चढून मोजायला लावतो. पावसात निसरड्या कातळावर ही वाट धोक्याची असते. मुलांना घेऊन जाणाऱ्यांनी पावसाळ्यात ती टाळावीच. माथ्यावरचे जंगल अभयारण्य आहे आणि महाराष्ट्राचा राज्यप्राणी शेकरू, म्हणजे मोठी खार, तिथे दिसते. ती पाहायची असेल तर दमून न जाता पोहोचणे बरे!

जिथे नाळेवाचून इलाज नव्हता तिथे आपल्या पूर्वजांनी काय केले, हे जुन्नरजवळच्या नाणेघाटात दिसते. कल्याण-सोपाऱ्याची बंदरे आणि जुन्नर-पैठणची बाजारपेठ यांना जोडणारी ही वाट दोन हजार वर्षांहून जुनी आहे. माथ्याजवळच्या लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा शिलालेख आहे. दानात दिलेल्या गाई, घोडे व नाणी यांच्या संख्या त्यात अंकांत कोरलेल्या आहेत, आणि भारतीय अंकांच्या इतिहासात हा लेख महत्त्वाचा मानला जातो. पण वाटेच्या दृष्टीने पाहिले तर दोन गोष्टी नजरेत भरतात. नाळेत दगड बसवून वाट फरसबंद केलेली आहे, म्हणजे पाणी मातीवरून न वाहता दगडावरून वाहते. आणि माथ्याशी कातळात पाण्याची टाकी खोदलेली आहेत. चढून आलेल्या माणसाच्या घामाचा हिशेब त्या काळच्या लोकांनी आपल्यासारखा किलोज्यूलमध्ये केला नसेल, पण केला होता हे नक्की.

वाट दोन प्रकारे मरते

पहिला प्रकार आपण पाहिला. फार पावले, तीही चुकीच्या जागी. नागमोडी वाटेची दोन वळणे जोडणारी आडवाट उतरताना फार मोहात पाडते. तिने पाच मिनिटे वाचतात. पण ती सरळ उताराच्या दिशेने असते, म्हणून पहिल्याच मोठ्या पावसात पाणी मूळ वाट सोडून तिच्यात शिरते. मग ती घळ वरच्या आणि खालच्या दोन्ही वळणांचा आधार पोखरते. पावसाळ्यात सुट्टीच्या दिवशी एकेका किल्ल्यावर हजारो लोक चढतात. वाटेवर चिखल झाला की प्रत्येक जण कडेकडेने जातो. ओल्या मातीची ताकद आधीच कमी झालेली असते, त्यामुळे कड ढासळते आणि वाट रुंदावते. कारवीची झुडपे मोडतात. आठ वर्षांनी एकदा फुलणारी ही कारवी उतारावरची माती मुळांनी धरून ठेवते, तेव्हा तिचे मोडणे म्हणजे डोंगराची पकड सुटणे आहे. उघड्या पडलेल्या जागेवर रानमोडीसारखी बाहेरून आलेली तणे घुसतात. त्यांचे बी आपल्याच कपड्यांना आणि बुटांच्या चिखलाला चिकटून पुढे जाते.

दुसरा प्रकार उलटा आहे. पावले कमी पडली की वाट मोडते. खाली मोटाररस्ता झाला, घाटमाथ्याचा बाजार मोडला, वाडीतली माणसे शहरात गेली, की काही पावसाळ्यांतच वाट गवताने आणि कारवीने झाकली जाते. निसर्गाच्या दृष्टीने यात वाईट काही नाही. पण ज्या वाडीला दुसरी वाट नाही तिथे हा जीवनमरणाचा प्रश्न असतो.

१९ जुलै २०२३ च्या रात्री रायगड जिल्ह्यातील इर्शाळवाडीवर दरड कोसळली. इर्शाळगडाच्या कुशीतल्या या वाडीला रस्ता नव्हता, होती ती पायवाट. माती उपसणारी यंत्रे वर नेता आली नाहीत. मदतीला गेलेले लोक भर पावसात, निसरड्या वाटेने चढत वर गेले आणि हातांनी, फावड्यांनी माती उपसू लागले. चढताना अग्निशमन दलाच्या एका अधिकाऱ्याचे हृदयविकाराने निधन झाले. २७ मृतदेह सापडले आणि ५७ माणसे बेपत्ता राहिली. चढाच्या ऊर्जेचा आपण वर केलेला हिशेब फळ्यावर सोपा दिसतो. रात्री, पावसात, घाईने तो शरीराला द्यावा लागतो तेव्हा त्याचा अर्थ कळतो. रोज त्या वाटेने शाळेला उतरणारी आणि चढणारी मुले, बाळंतपणासाठी डोलीतून खाली आणावी लागणारी बाई, यांच्या दृष्टीने वाटेचा चढ किती आणि ती पावसात टिकते का, हे प्रश्न सहलीपुरते नाहीत.

मग सगळीकडे सिमेंटच्या पायऱ्या बांधून टाकाव्यात का? पायऱ्यांची उंची ठरलेली असते, त्यामुळे लहान मुले आणि ओझे घेतलेली माणसे यांच्या पावलांना ती जुळत नाही. ती पायऱ्यांच्या कडेने चालू लागतात. पाणीही कडेनेच वाहते आणि पायऱ्यांच्या खालची माती काढून नेते. बांधकाम अधांतरी राहते आणि मग तुटते. वाट आधी योग्य जागी असणे आणि पाण्याला बाहेर पडायला जागा असणे महत्त्वाचे. दर थोड्या अंतरावर वाटेत तिरपे दगड बसवून पाणी बाजूला काढून देणे हा जुना, स्वस्त आणि परिणामकारक उपाय आहे. पावसाळ्याआधी अशा जागा साफ करण्याचे काम अनेक वाड्यांतली माणसे करतातच. शाळेला त्यात हातभार लावता येईल, मात्र वनजमिनीवर वनखात्याची परवानगी घेऊन आणि गावकऱ्यांना विचारूनच.

वर्गासाठी काही कामे

१. कोनमापकाच्या मध्यबिंदूला दोरा बांधून टोकाला छोटा दगड लटकवा. कोनमापकाची सरळ कड वाटेला समांतर धरली की ओळंबा ९० अंशांपासून जितका सरकेल तितका वाटेचा कोन. वाटेचा आणि बाजूच्या डोंगरउताराचा कोन दहा ठिकाणी मोजा. वाट निम्म्याच्या नियमात कुठे बसते? जिथे बसत नाही तिथे घळ पडली आहे का?

२. वाटेची रुंदी आणि खोली दर ५० पावलांवर मोजा. पावसाळ्याच्या आधी आणि नंतर त्याच जागी पुन्हा मोजा. पाचवीच्या वर्गाने सुरू केलेली ही नोंद तो वर्ग दहावीत जाईपर्यंत चालली, तर तुमच्या गावाच्या वाटेची अशी नोंद कदाचित इतर कुठेही नसेल.

३. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १:५०,००० प्रमाणाच्या नकाशात समोच्च रेषा २० मीटर अंतराने काढलेल्या असतात आणि पायवाटाही दाखवलेल्या असतात. नकाशावरून वाटेची लांबी आणि चढ काढा. मग स्कॉटिश गिर्यारोहक नेस्मिथ यांनी १८९२ मध्ये सांगितलेला नियम वापरा: ताशी ५ किलोमीटर, आणि दर १०० मीटर चढाला १० मिनिटे जास्त. ६ किलोमीटर अंतर आणि ८०० मीटर चढ असेल तर ७२ आणि ८० मिळून १५२ मिनिटे होतात. यात विश्रांती धरलेली नाही. प्रत्यक्ष वेळ किती लागला आणि फरक का पडला?

४. सहलीच्या दुसऱ्या दिवशी मुलांना विचारा, पाय कुठे दुखतात? बहुतेक जण मांडीचा पुढचा भाग दाखवतील. हे दुखणे मुख्यतः चढण्याचे नसून उतरण्याचे असते. उतरताना स्नायू ताणला जात असतानाच शरीराचा भार रोखून धरतो आणि त्यात त्याच्या तंतूंना सूक्ष्म इजा होतात.

५. घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून गावाच्या मोडलेल्या वाटांची यादी करा. ती वाट कुठे जात होती, कोण वापरत होते, कधी आणि का मोडली? गावनकाशात ती दाखवली आहे का?

आणि वाटेवर कसे चालावे? मळलेल्या वाटेवर असाल तर एकामागे एक, वाटेच्या मधूनच, चिखल असला तरीही. वळणे कापू नयेत. कासच्या पठारासारख्या सड्यावर, जिथे कातळावर मातीचा थर जेमतेम काही सेंटिमीटरचा असतो आणि त्यावर फुले येतात, तिथे उघड्या कातळावरून पाय टाकावा. आणि जिथे वाटच नाही अशा गवतात जावेच लागले, तर एकाच रांगेने जाऊ नये, पसरून जावे, म्हणजे कुठल्याही एका जागी वाट पडण्याइतकी पावले पडणार नाहीत. एकीकडे एका रांगेत, दुसरीकडे पसरून, असे दोन उलटे नियम का, याचे उत्तर वर आलेलेच आहे. ते विद्यार्थ्यांना स्वतः शोधू द्यावे.